लेकीच्या बाळंतपणाला जर्मनीला जायचंय: व्हिसा कोणता, दिवस किती, कागद कोणते?

प्रश्न थोडक्यात असा आहे: तासगाव तालुक्यातलं कुटुंब. ताई आणि दाजी म्युनिकला नोकरीला आहेत, जूनच्या मध्यावर ताईची प्रसूती आहे. आई-बाबांना पाच-सहा महिने तिकडे पाठवायचंय. दोघंही पहिल्यांदाच परदेशी निघालेत. नोकरी नाही, साडेचार एकर द्राक्षबाग आहे. एका एजंटने सांगितलंय की बाळंतपण लिहू नका, टुरिस्ट म्हणून दाखवा. खात्यावर दहा लाख दाखवा. आणि जर्मनीची तारीख मिळत नसेल तर युरोपातल्या दुसऱ्या देशातून व्हिसा काढू. यातलं खरं काय?

मी सांगलीत बावीस वर्षं हेच काम करते आणि माझ्याकडे येणाऱ्या फायलींत निम्म्याहून जास्त आई-वडिलांच्याच असतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, पाच-सहा महिने मिळणार नाहीत. अमेरिकेला जाऊन आलेले शेजारी-पाहुणे 'आम्ही सहा महिने राहिलो' असं सांगतात, त्यामुळे सगळीकडे तसंच असेल असं वाटतं. जर्मनी शेंगेन गटात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात आहे. या गटात आज 29 देश आहेत आणि सगळ्यांचा नियम एकच: कुठल्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस. याला म्हणतात शेंगेनचा 'सी' प्रकारचा, म्हणजे अल्प मुदतीचा व्हिसा. पोचल्याचा दिवस आणि निघाल्याचा दिवस, दोन्ही मोजले जातात. आई-बाबा 1 जूनला उतरले तर जूनचे 30, जुलैचे 31 आणि ऑगस्टचे 29, झाले 90. म्हणजे 29 ऑगस्टला विमानात बसलंच पाहिजे. 'तीन महिने' म्हणून 31 ऑगस्टचं तिकीट काढलं तर दोन दिवस जास्त झाले आणि ते मुदत ओलांडून राहणं ठरतं. त्यानंतर पुन्हा जायचं झालं तर 28 नोव्हेंबरच्या आधी पाय ठेवता येणार नाही, आणि त्यासाठीही व्हिसा तेव्हा चालू आणि अनेक वेळा प्रवेशाचा हवा, नाहीतर नवा काढायचा.

मग बाळंतिणीकडे पुढे कोण बघणार? माझ्याकडे येणाऱ्या घरांना मी एकच सुचवते, आणि ते बहुतेकांना पटतं: आधी आई, मग सासूबाई. आई-बाबांनी जून ते ऑगस्ट सांभाळायचं, विहीणबाईंनी ऑगस्टच्या शेवटी जायचं. प्रत्येकाचे 90 दिवस स्वतंत्र असतात. दोन्ही घरं एकदम गेली तर एका फ्लॅटमध्ये सहा माणसं, आणि सप्टेंबरपासून बाळाजवळ कोणीच नाही. हे दोन्ही घरांनी आताच बसून ठरवा, कारण दोन्ही फायलींत तारखा जुळल्या की अर्ज वाचणाऱ्यालाही चित्र स्पष्ट दिसतं.

90 दिवसांच्या वर राहायचं तर 'डी' प्रकारचा राष्ट्रीय व्हिसा लागतो, आणि तो नोकरी, शिक्षण, जोडीदाराकडे जाणं अशा कारणांसाठी असतो. नातवंडाला सांभाळायला म्हणून तो मिळत नाही. 1 मार्च 2024 पासून जर्मनीने कायद्यात एक नवी वाट केली आहे: ज्या कुशल कामगारांना निवास परवाना पहिल्यांदा त्या तारखेला किंवा नंतर मिळाला, त्यांना काही अटींवर आई-वडिलांना कायमचं बोलावता येतं. पण त्यात आई-वडिलांचा जर्मनीतला आरोग्य विमा दाखवावा लागतो, आणि साठीच्या पुढच्या माणसाला तो मिळणं अवघडही आहे नि महागही. ताईचा परवाना कधीचा आहे ते विचारून ठेवा. या जूनसाठी मात्र ती वाट धरू नका.

आता एजंटच्या तीन सल्ल्यांबद्दल. तिन्ही चुकीचे आहेत आणि तिन्हींचं नुकसान तुमच्या आई-बाबांना होणार आहे, त्याला नाही.

'टुरिस्ट म्हणून दाखवा.' विचार करून बघा. साठी ओलांडलेलं, पहिल्यांदा परदेशी चाललेलं शेतकरी जोडपं 90 दिवस म्युनिक बघत फिरणार, हे कोणाला पटेल? त्यासाठी हॉटेलांचं खोटं बुकिंग लावावं लागतं, आणि ताईचा पत्ता लपवायचा तर विमानतळावर 'कुठे राहणार?' या पहिल्याच प्रश्नाला बाबा अडखळतात. मुलीचं बाळंतपण हे जगातलं सगळ्यात समजण्यासारखं कारण आहे. ते लपवण्यासारखं काहीच नाही. अर्जात 'कुटुंबीयांची भेट' हा प्रकार असतो, तोच निवडायचा आणि अर्जासोबतच्या पत्रात साध्या भाषेत लिहायचं की मुलीची प्रसूती आहे, पहिले तीन महिने तिच्यासोबत राहायचंय. व्हिसाचा प्रकार ठरतो तो जाण्याच्या कारणावरून. आधी प्रकार निवडून त्याला शोभेल असं कारण रचायला गेलात की फाईल बिघडलीच.

'खात्यावर दहा लाख दाखवा.' काही वर्षांपूर्वी कोरेगावकडचं एक निवृत्त शिक्षक जोडपं नकार घेऊन माझ्याकडे आलं होतं. दरमहा पेन्शन नीट येत होती, मुलगी तिकडे कमावती होती. पण कोणाच्या तरी सांगण्यावरून अर्जाच्या आठवडाभर आधी पुतण्याने खात्यात आठ लाख टाकले होते. नकाराच्या छापील फॉर्मवर, परत जाण्याच्या हेतूबद्दल शंका आहे, या ओळीपुढे खूण केलेली होती. त्या बाई माझ्यासमोर बसून 'आम्ही काय पळून जाणार आहोत का हो?' एवढंच म्हणत होत्या. दुसऱ्या वेळी ते आठ लाख परत केले, तसं पत्रात लिहिलं, पेन्शनचा आदेश आणि खरं स्टेटमेंट लावलं, मुलीचं हमीपत्र लावलं आणि व्हिसा झाला. अचानक आलेली मोठी रक्कम हीच अर्ज तपासणाऱ्याला सगळ्यात आधी दिसते.

'दुसऱ्या देशातून काढू.' जिथे जास्त दिवस राहायचं त्या देशाकडेच अर्ज करायचा, हा नियम आहे. सगळे दिवस म्युनिकला आणि व्हिसा तिसऱ्याच देशाचा, असं झालं तर तो रद्द होऊ शकतो. बोटांचे ठसे, फोटो, अर्ज, नकार हे सगळं शेंगेनच्या सामायिक संगणक प्रणालीत पाच वर्षं राहतं. पुढच्या वेळी फ्रान्सकडे अर्ज केला तरी हे समोर येतं.

आता कागद. ताईकडच्या कागदांपासून सुरू करा, कारण तिथला एक कागद वेळ खातो. त्याचं जर्मन नाव 'फेरप्फ्लिश्टुंग्सएरक्लेरुंग', आपल्या भाषेत सरकारी हमीपत्र. ताई किंवा दाजींनी त्यांच्या गावच्या परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन द्यायचं असतं की पाहुण्यांचा राहण्याचा, जेवणाखाण्याचा आणि गरज पडल्यास दवाखान्याचा खर्च आम्ही करू. कार्यालय त्यांचा पगार तपासतं आणि शिक्का मारून देतं. माणशी शुल्क 29 युरो. अपॉइंटमेंट मिळायला काही शहरांत आठवडेच्या आठवडे लागतात, म्हणून आजच ताईला फोन करा. मूळ प्रत कुरिअरने इकडे आली पाहिजे, फोटो चालत नाही, आणि ती निघाल्यापासून सहा महिन्यांच्या आत वापरायची. हे हमीपत्र असलं की आई-बाबांच्या खात्यात किती आहे या प्रश्नाची धार बरीच कमी होते. सोबत ताईच्या पासपोर्टची आणि निवास परवान्याची प्रत, पत्ता नोंदणीचा दाखला, तिने लिहिलेलं साधं निमंत्रण, आणि प्रसूतीची तारीख दाखवणारा डॉक्टरांचा कागद. जर्मनीत गरोदर बाईला 'मुटरपास' नावाची पुस्तिका मिळते, तिच्यातलं तारखेचं पान चालतं.

आई-बाबांकडून दाखवायचं ते एवढंच, की यांचं घर, जमीन, माणसं इथे आहेत आणि ती इथे परत येणार आहेत. पगाराची स्लिप नाही, फॉर्म 16 नाही, म्हणून शेतकरी घाबरतात. अहो, द्राक्षबागेइतकं पक्कं परतीचं कारण नोकरदाराकडे तरी असतं का? एप्रिलची खरड छाटणी उरकून जायचं आणि ऑक्टोबरच्या फळछाटणीच्या आत परत यायचं, हे तुमच्या घरचं वेळापत्रकच आहे. ते पत्रात लिहा. वर्षातून दोनदा छाटणी असते, ऑक्टोबरची चुकली तर पुढच्या वर्षीचा माल जातो, आणि जून ते ऑगस्ट फवारणी नि काडीची देखभाल मुलगा बघणार आहे. मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासातल्या माणसाला 'छाटणी' माहीत असेल असं धरू नका, चार ओळींत समजावून सांगा. तासगावकडच्या एका फाईलला मी बागेचे दोन फोटो लावले होते, एक ऑक्टोबरच्या छाटणीनंतरचा आणि एक फेब्रुवारीतला घडांनी लगडलेला, खाली तारखा घालून. यादीत असं काही मागितलेलं नसतं, पण त्या फाईलवर एकही उलटा प्रश्न आला नाही.

सातबारा आणि आठ-अ डिजिटल सहीचे काढा. महाभूमीच्या संकेतस्थळावर सातबारा 15 रुपयांत मिळतो आणि तो कायदेशीर धरला जातो. त्यावर क्षेत्र 1.82.00 असं हेक्टर-आरमध्ये असतं आणि आपण बोलताना साडेचार एकर म्हणतो. इंग्रजी भाषांतरात दोन्ही लिहा, नाहीतर पत्रात साडेचार आणि उताऱ्यावर पावणेदोन-दोन असं दिसतं आणि विनाकारण शंका येते. सामाईक खातं असेल तर बाबांचा वाटा किती ते सांगा.

उत्पन्नासाठी बेदाण्याच्या सौद्याच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या पावत्या, व्यापाऱ्याकडून बँकेत आलेले पैसे, ऊस असेल तर कारखान्याचं बिल. खात्यावर मार्चमध्ये एकदम सहा लाख आले असतील तर त्या तारखेची पट्टी शेजारीच लावा. मग ती 'अचानक आलेली रक्कम' राहत नाही, विकलेला माल होतो. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, पण विवरणपत्र भरलेलं असलं तर फाईलला बळ येतं; शेती उत्पन्न वर्षाला 5,000 रुपयांच्या वर असेल तर आयटीआर-1 चालत नाही, आयटीआर-2 भरावं लागतं, हे तुमच्या सीएला आठवण करून द्या. भरलेलं नसेल तर नाही म्हणून लिहा, घाईने काहीतरी बनवू नका. पतपेढीचं हाताने लिहिलेलं पासबुक एकटं पुरत नाही. जिल्हा बँक किंवा राष्ट्रीयीकृत बँकेतलं शिक्क्याचं स्टेटमेंट घ्या. तीन महिन्यांचं मागतात, शेतकऱ्यासाठी मी वर्षभराचं लावते, कारण शेतकऱ्याचे पैसे वर्षातून दोन-तीनदाच येतात. सोसायटीचं पीक कर्ज दिसलं तर चालतं का, असं सगळे विचारतात. चालतं. ते शेती चालू असल्याचाच पुरावा आहे.

आता नावं. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. आईचा आणि ताईचा पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवा. ताईच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईचं नाव छापलेलं असतं. तिथे 'शालन' आहे, आईच्या आधारवर 'शालाबाई' आणि सातबाऱ्यावर 'शालूबाई', असं आपल्याकडे घराघरांत आहे. माहेरचं नाव, सासरचं नाव, तलाठ्याने कानाने ऐकून लिहिलेलं नाव. आपल्याला ती एकच बाई माहीत आहे, अर्ज तपासणाऱ्याला त्या तीन बायका दिसतात. आई-बाबांचे पासपोर्ट अजून काढायचे असतील तर हीच वेळ आहे: ताईच्या पासपोर्टवर जे नाव आणि स्पेलिंग आहे, त्याला जुळेल असा आधार आधी दुरुस्त करून घ्या, मगच पासपोर्टचा अर्ज करा. सांगली-सातारा दोन्ही जिल्हे पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयाखाली येतात आणि पोलीस पडताळणी घरी होते, त्या आठवड्यात आई-बाबांना यात्रेला पाठवू नका. पासपोर्ट आधीच निघाला असेल आणि नाव जुळत नसेल, तर ही एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र इंग्रजीत करून लावा आणि पत्रात एक ओळ लिहा. बाबा दहावी झाले नसतील तर पासपोर्टवर 'ईसीआर', म्हणजे परदेशी नोकरीला जाताना परवानगी लागते असा शेरा येईल, ही भीती असते; पन्नाशीच्या पुढच्यांना तो सहसा लागत नाही, आणि लागलाच तरी घाबरू नका, तो ठराविक देशांत नोकरीला जाणाऱ्यांसाठी आहे, लेकीकडे जाणाऱ्यांना त्याची आडकाठी नाही.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान 15 दिवस आधी तरी करावाच लागतो. निर्णयाला साधारण 15 दिवस, तपासणी वाढली तर 45. जूनसाठी मार्चमध्ये कागद जमा करा. एप्रिल-मेमध्ये सुट्टीवाल्यांची एवढी गर्दी असते की अपॉइंटमेंट मिळत नाही. कागद पुण्यात व्हीएफएस ग्लोबलच्या केंद्रात जमा होतात, मुंबईला जायची गरज नाही. केंद्र फक्त कागद आणि ठसे घेतं, निर्णय वाणिज्य दूतावासाचा असतो. त्यामुळे 'व्हीएफएसमध्ये आपली ओळख आहे' असं म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. व्हिसाचं शुल्क जून 2024 पासून 90 युरो आहे, त्यावर केंद्राचं सेवाशुल्क, आणि नकार आला तरी हे परत मिळत नाही.

ठशांबद्दल कोणी सांगत नाही ते सांगते. मिरजेकडच्या एका मावशींना घेऊन मी पुण्याला गेले होते. आयुष्य हळद शिजवण्यात आणि खुरपण्यात गेलेलं. त्यांनी चार बोटं काचेवर ठेवली, यंत्राने नाही म्हटलं. पुसून ठेवली, परत नाही. मुलगी वरून त्यांचा हात दाबत होती आणि मावशींचे डोळे भरून आले होते, त्यांना वाटलं आपलंच काहीतरी चुकलं. पाचव्या प्रयत्नाला, ओल्या कागदाने बोटं चोळल्यावर, ठसे उमटले. तेव्हापासून कष्टाचे हात असतील तर पंधरा दिवस आधीपासून रात्री खोबरेल तेल लावायला सांगते, त्या आठवड्यात काडी बांधणं, खुरपणं बंद, मेंदी नाही, आणि बोटाला कापलं असेल तर तारीख पुढे ढकलायची. आदल्या रात्रीच पुण्यात मुक्कामाला जा. पहाटे सांगलीहून निघून चार-पाच तास गाडीत बसलेला माणूस खिडकीसमोर नीट बोलूही शकत नाही.

प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा, पूर्ण शेंगेनसाठी, पूर्ण मुक्कामाचा. बीपी-शुगरसारखे आधीचे आजार बहुतेक पॉलिसींत नसतात, ते वाचूनच घ्या. 200 रुपये वाचवायची ही जागा नाही. तिकिटाचं फक्त आरक्षण लावायचं, पैसे व्हिसा हातात आल्यावर भरायचे.

व्हिसा आला की स्टिकर तिथेच वाचा. मुदतीच्या दोन तारखांमध्ये बऱ्याचदा 105 दिवस असतात, म्हणजे 1 जून ते 13 सप्टेंबर, आणि खाली मुक्कामाचे दिवस '90' लिहिलेले असतात. ते वरचे 15 दिवस प्रवास पुढे-मागे झाला तर सोय म्हणून दिलेले असतात, राहायला नाहीत. शिकलेल्या लोकांनीही 13 सप्टेंबर वाचून तिकीट काढलेलं मी पाहिलंय. शेंगेनच्या सीमेवर ऑक्टोबर 2025 पासून येण्या-जाण्याची संगणकीय नोंद चेहरा आणि ठशांसह व्हायला लागली आहे, त्यामुळे जास्तीचा एक दिवसही आपोआप दिसतो. हमीपत्राची प्रत, विमा, ताईचा पत्ता आणि परतीचं तिकीट आईच्या पर्समध्ये ठेवा, सामानात गेलेल्या बॅगेत नाही. सीमेवर विचारलं तर 'डॉटर, बेबी' एवढे दोन शब्द आणि हातातले कागद पुरतात.

दुसऱ्या देशांबद्दल अगदी थोडक्यात, कारण तुमचे नातेवाईक विचारतीलच. अमेरिकेचा भेटीचा व्हिसा बी-1/बी-2, शुल्क 185 डॉलर, डीएस-160 अर्ज ऑनलाइन, ठसे वेगळ्या दिवशी आणि मुलाखत मुंबईत बीकेसीला. तिथे कागदांपेक्षा दोन मिनिटांचं बोलणं महत्त्वाचं. व्हिसा बहुतेकांना दहा वर्षांचा मिळतो, पण एका वेळी किती राहायचं हे तिथल्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, साधारण सहा महिने. ब्रिटनचा स्टँडर्ड व्हिजिटरही सहा महिन्यांचा, आणि खोटा कागद सापडला तर दहा वर्षांची बंदी. कॅनडात मुलगा कायमचा रहिवासी किंवा नागरिक असेल तर आई-वडिलांसाठी सुपर व्हिसा आहे, एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं, पण एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा आणि वैद्यकीय तपासणी लागते.

शेवटी सामान. औषधं 90 दिवस पुरतील एवढीच, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. दूध आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपियन संघात नेता येत नाहीत, म्हणून घरचं तूप आणि साताऱ्याचे कंदी पेढे काढून ठेवा. डिंक, खारीक, सुंठ आणि तुमच्याच बागेतला बेदाणा कोरडा न्या, तिथे लोणी कढवून तूप करा आणि ताईसमोर बसून लाडू वळा.